वीणेचा पहारा

आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात माणूस हरवला की भोंग्यावरून पुकारा होतो. नाव, गाव, तालुका, लुगड्याचा नाहीतर टोपीचा रंग, आणि ‘नातेवाइकांनी मदत केंद्राजवळ यावं’. व्यवस्था साधी आहे आणि बहुतेक वेळा ती चालते, कारण हरवलेल्याला आपण कोण हे ठाऊक असतं. आपली माणसं कुठं गेली एवढंच ठाऊक नसतं. डिमेन्शिया झालेला म्हातारा हरवला तर सगळं उलटं होतं. आपण हरवलोय हेच त्याला कळलेलं नसतं. तो कुणाला विचारत नाही, रडत नाही, कट्ट्यावर बसून राहत नाही. घरी जायचंय म्हणून चालत सुटतो, आणि ते घर साठ वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याच गावातलं असतं.

असा माणूस इतर गावांत लोकांच्या डोळ्यांत भरतो. पहाटे चारला अनवाणी, एकटी निघालेली म्हातारी दिसली तर कुणीतरी हटकतंच. पंढरपुरात तिला ‘माउली’ म्हणून वाट करून देतात. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, तोंडानं काहीतरी पुटपुटणं; प्रदक्षिणा मार्गावर अशी माणसं बारा महिने दिसतात. चंद्रभागेकडं निघाली असेल, असंच सगळे धरून चालतात. ती खरोखरच तिकडं निघालेली असते. पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडलेलं असलं तर पुढचं सांगायला नको.

बाहेरच्यांच्या लेखी पंढरपूर म्हणजे चार वाऱ्या. पण वाऱ्यांच्या मधल्या काळातही इथं गाव नांदतं, त्यात घरं आहेत आणि घरांत म्हातारी माणसं आहेत. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९८,९२३ होती. महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण तेव्हा शेकडा दहाच्या जवळ होतं. देशभरातल्या वृद्धांच्या तपासणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो साठीपुढच्या शंभरांत ७.४ जणांना डिमेन्शिया असल्याचा होता. भारतभर मिळून ८८ लाख माणसं. हेच प्रमाण पंढरपूरला लावलं तर जुन्या लोकसंख्येवरही सातशेच्या वर आकडा निघतो. हा कागदावरचा हिशेब आहे, दारोदार फिरून केलेली मोजणी नाही. पण त्याच अभ्यासात प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त दिसलं होतं. त्यामुळं तालुक्यातली गावं धरली तर हिशेब कमी होण्याचं कारण नाही.

ही सातशे माणसं कुठं आहेत? दवाखान्यांत तर नाहीत. ती आतल्या खोलीत आहेत, आणि त्यांच्याजवळ बसलेली बाई बहुधा सून आहे.

१९०६ साली जर्मनीत आलॉइस अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूतले बदल सहकाऱ्यांपुढं मांडले. पुढं या रोगांच्या कुळातल्या सर्वांत मोठ्या रोगाला त्यांचंच नाव मिळालं. डिमेन्शियाच्या शंभरांतल्या साठ-सत्तर जणांना अल्झायमर असतो. उरलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून होणारा प्रकार मोठा आहे, आणि तो रक्तदाब-मधुमेहाच्या वाटेनं येतो. डोनेपेझिल, मेमॅन्टिन ही औषधं काही जणांची घसरण काही काळ थोडी सावरतात, पण रोग बरा करत नाहीत. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. नाहीतर गोळी बदलून बघू, डॉक्टर बदलून बघू, यात घरातलं सोनं मोडतं.

रोग ओळखू उशिरा येतो, आणि त्याला पंढरपूरचं म्हणून एक खास कारण आहे. लहानपणी पाठ झालेलं, तालासुरात बसलेलं, रोज उगाळलेलं सगळ्यांत शेवटी जातं. आयुष्यभर हरिपाठ म्हटलेल्या माणसाला दुपारी जेवलो की नाही ते आठवत नाही, पण संध्याकाळी टाळ हातात दिले की तो एकही चरण चुकवत नाही. घरची मंडळी याला दैवी खूण समजतात. मला त्यात धोका दिसतो. ‘हरिपाठ तोंडपाठ आहे, मग डोकं कसं गेलं?’ हा सवाल एकदा कुणी केला की सुनेची तक्रार खोटी ठरते. पाहुणे तासभर बसतात, मामंजी अभंग म्हणतात, जुन्या वारीच्या गोष्टी रंगवून सांगतात, आणि पाहुणे म्हणतात, चांगले तर आहेत! पाहुणे उठून गेल्यावर तेच मामंजी ‘ही बाई कोण, माझ्या घरात काय करते’ म्हणून तिच्या अंगावर धावतात.

तपासणीचीही हीच गत. आज तारीख काय, हा स्मरणशक्तीच्या परदेशी चाचण्यांतला नेहमीचा प्रश्न. ज्या बाईनं जन्मात कॅलेंडरवरची इंग्रजी तारीख पाहिली नाही, तिला तो विचारून उपयोग काय? तिला तिथी विचारावी, एकादशी होऊन गेली की यायचीय ते विचारावं. न शिकलेल्या माणसांसाठी वेगळ्या चाचण्या लागतात, हे आपल्याकडं माहीत नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी नव्वदच्या दशकात हिंदीतून अशी चाचणी बनवली गेली, कारण लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न तिथं निरुपयोगी होते. पंढरपूरच्या डॉक्टरला निदान एवढं करता येईल: माणसाला एकट्याला काय विचारायचं ते विचारून झालं की सुनेला बाजूला घेऊन वर्षभरात काय बदललं ते विचारायचं. तिची साक्ष कोणत्याही चाचणीइतकी मोलाची असते, आणि ती सासऱ्यासमोर बोलणार नाही.

आणखी एक गोष्ट माळकऱ्यांच्या घरात मुद्दाम बघावी. बी-१२ हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दुधातून मिळतं. माळ घातलेल्या घरात पहिल्या तीन गोष्टी नाहीत, आणि वय वाढेल तसं दूधही कमी होतं, बी-१२ शोषून घेण्याची ताकदही कमी होते. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही माणूस विसराळू होतो, बावचळतो. यावर मात्र इलाज आहे. रक्ताची साधी तपासणी न करता ‘वय झालं’ म्हणणं म्हणजे बऱ्या होणाऱ्या माणसाला आतल्या खोलीत ढकलणं. पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सोलापूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. एकदा तिथवर जाऊन यायला हरकत नसावी.

घरात गोष्टी बिघडतात त्या मात्र रोगानं कमी आणि दोषारोपानं जास्त. याचा मला ठाऊक असलेला सर्वांत स्वच्छ पुरावा शेजारच्या गोव्यातून आला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथं लोकांना डिमेन्शियाची लक्षणं असलेल्या माणसाचं वर्णन ऐकवलं आणि विचारलं, याला काय झालंय? २००१ साली त्यांनी जे लिहिलं ते गोव्यातलं खरं, पण भीमेकाठीही शब्दश: लागू पडावं. असा माणूस लोकांनी ताबडतोब ओळखला. पण कुणी त्याला रोगी म्हणेना. म्हातारपणी होतंच असं, हे एक उत्तर. मुलांनी नीट बघितलं नाही, माया दिली नाही, म्हणून असं झालं, हे दुसरं.

हे दुसरं उत्तर भयंकर आहे. ते सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. त्यात रोगाचा स्वभावच असा, की पैसे ठेवलेली जागा विसरते आणि ‘सुनेनं चोरले’ असं ठामपणे आठवतं. जेवण विसरतं आणि शेजारी जाऊन ‘मला उपाशी ठेवतात’ असं सांगितलं जातं. पुण्याला नोकरी करणारा धाकटा मुलगा फोनवर आईचं हे गाऱ्हाणं ऐकतो आणि थोरल्या वहिनीला जाब विचारतो. गल्लीत तर आधीच कुजबुज असते. मग ती बाई रोगाबद्दल कुणाशी बोलायचंच सोडते, दार लावून घेते, आणि गावाचा संशय आणखी बळावतो.

आणि गाव कोणतं, तर पुंडलिकाचं. आईवडिलांच्या सेवेत गुंतल्यामुळं देवाकडं वीट भिरकावून थांब म्हणणाऱ्या माणसाचं. ही कथा इथल्या पोरासोरांना माहीत आहे, म्हणून आईबापांच्या बाबतीत इथली फूटपट्टी इतर गावांपेक्षा उंच. पण कथा जरा सावकाश ऐकावी. पुंडलिक आधी आईवडिलांना छळणारा मुलगा होता, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे, सेवा चालू असताना साक्षात देव आला तरी त्याला उठता येत नव्हतं, दोन्ही हात अडकलेले होते. त्याची जागा घ्यायला घरात कुणी असतं तर तो उठला असता की नाही, हे कथा सांगत नाही. आणि त्याच्या बायकोचं पुढं काय झालं? आधीच्या भागात, नवऱ्याला बहकवणारी म्हणून, ती आहे. पाय चेपायची वेळ येते तेव्हा कथेतून ती नाहीशी होते. पंढरपूरच्या आजच्या घरांत याच्या बरोबर उलट आहे: पुंडलिक पुण्यात आहे आणि पाय ती चेपते आहे.

गोव्याचं काम एवढ्यावर थांबलं नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबं निवडली. प्रत्येक घरात सौम्य किंवा मध्यम डिमेन्शिया असलेलं एक माणूस होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली, आणि ४१ कुटुंबांना सहा महिने घरपोच मदत मिळाली. मदत करणारी माणसं डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. बारावी झालेली, स्थानिक भाषा बोलणारी, लोकांशी नीट वागणारी माणसं निवडून त्यांना शिकवलं होतं. मागं एक समुपदेशक, आणि सगळ्यांवर देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ. ही माणसं निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जात. रोग काय आहे ते सांगत, आंघोळीला नकार दिला तर काय करायचं, रात्री उठून दार वाजवलं तर काय करायचं ते दाखवत, गरज पडली तर डॉक्टरकडं पाठवत, सरकारी पेन्शनचा अर्ज कुठं करायचा तेही समजावत. आणि सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घेत.

निकाल २००८ साली प्रसिद्ध झाला. सांभाळणाऱ्यांचं मन:स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला. रुग्णाच्या स्वत:च्या क्षमतेत मात्र खात्रीनं म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि त्या काळात १८ रुग्ण दगावले. मला हा निकाल भरवशाचा वाटतो, कारण त्यात चमत्कार नाही. म्हातारा होता तसाच राहिला, आणि तरीही त्या घरात जगणं सुसह्य झालं. म्हणजे त्या घरांत मायेची कमतरता नव्हती, कामाच्या माहितीची आणि दुसऱ्या माणसाची होती.

बाहेरच्या माणसाचं हे बळ सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात फार नेमकं आलं आहे. मोहन आगाशे यांचे चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे पंडित, हत्तीच्या मागं मागं चालत हरवतात. माहुताची कानडी बायको त्यांना लेकरासारखं भरवते. ती भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माहुताच्या बायकोला जे सहज जमतं ते शास्त्रीबुवांच्या मुलीला जड जातं, याचं कारण माया नव्हे. मुलीच्या डोळ्यांपुढं पूर्वीचे वडील असतात. माहुताच्या बायकोला ते कधी भेटलेलेच नसतात.

आता पंढरपूरच्या घरात या. जुना वाडा, उंच उंबरे, अंधारा बोळ, न्हाणीघर मागं, संडास त्याहून मागं. म्हातारीनं जन्मभर नऊवारी नेसलेलं. रात्री घाईनं जाताना कासोटा सुटत नाही, कपडे भरतात, आणि सकाळी ती लाजेनं लुगडं गादीखाली लपवते. गाऊन घाला म्हटलं की हे कुणाचं सोंग म्हणून भांडते. अशा वेळी वाद घालून काही होत नाही. पुढून उघडणारा झगा लुगड्याच्याच रंगाचा शिवून घ्यावा, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा, दर दोन-तीन तासांनी आपणच घेऊन जावं. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘आंघोळ करून कपडे बदलून जेवायला या’ या वाक्यात तीन कामं आहेत आणि तिला एकही कळत नाही. बाहेरच्या दाराची कडी नेहमीच्या जागेवरून काढून अगदी वर किंवा अगदी खाली बसवावी. पोलक्याच्या खिशात मुलाचा फोन नंबर शिवून ठेवावा. जेवताना ताठ बसवावं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो; शेवटच्या टप्प्यात हे मोठं संकट असतं.

एकादशीचं वेगळंच. साखरेच्या गोळ्या चालू असलेले आजोबा रोजच एकादशी आहे म्हणून ताट परत करतात, किंवा खऱ्या एकादशीला तीन वेळा फराळ मागतात कारण आधीचे दोन आठवत नाहीत. आणि वारी जवळ आली की अर्ध्या पंढरपुराप्रमाणं या घरातही खोल्या वारकऱ्यांना दिल्या जातात. वर्षाच्या उत्पन्नात तो पैसा महत्त्वाचा असतो, नको म्हणता येत नाही. पण आजोबांची खाट हलते, अनोळखी चेहरे न्हाणीघराशी रांग लावतात, रात्रभर भजन चालतं. तो आठवडा आजोबांना अक्षरश: परक्या गावात काढावा लागतो. निदान त्यांची खोली आणि खाट तरी तशीच राहू द्यावी.

सरकारी खिडकीवर काय मिळतं? २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते मुख्यत: रुग्णालयात दाखल झाल्यावर. मांडीचं हाड मोडलं की योजना आहे; ते मोडू नये म्हणून रात्रभर जागणाऱ्या बाईसाठी काही नाही. राज्याच्या वयोश्री योजनेत पासष्टीनंतर एकदाच ३,००० रुपये मिळतात, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी. रक्कम किरकोळ, पण कामाची आहे. ‘लॅन्सेट’च्या २०२४च्या आयोगानं डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं मांडली, त्यांत कमी ऐकू येणं आणि न सुधारलेली नजर ही दोन आहेत. गरीब घरांना श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये. फोनवर सल्ला हवा असेल तर वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६.

आणि आशाताई. तिच्या हातात तिशीपुढच्यांसाठी जो तपासणीचा तक्ता असतो, त्यात साठीपुढच्या माणसाला विचारायचा एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वत:च्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे सरकारनं प्रश्न विचारून ठेवला आहे. ‘हो’ असं उत्तर आल्यावर त्या घरात पुन्हा कोण जाणार, ही गोव्यात भरून काढलेली जागा इथं रिकामी आहे.

कायद्याचं थोडक्यात. म्हाताऱ्या माणसाला कुठंतरी सोडून देणं हा २००७च्या कायद्यानं गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड. टाकून दिलेल्यांची या गावाला जुनी ओळख आहे. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजातर्फे इथं बालकाश्रम काढला तो याच कारणानं. पण एखादी म्हातारी चंद्रभागेच्या वाळवंटात एकटी सापडली, की तिला टाकलं असं लगेच ठरवू नये. ती घरातून निघून आलेली असू शकते आणि घरचे तीन तालुके पालथे घालत असू शकतात. दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. करून देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं. मृत्युपत्र, वारसनोंदी, बँकेतलं दुसरं नाव, हे सगळं पहिल्या वर्षातच, माणसाला कळतंय तोवर उरकावं.

राहिला माणसांचा प्रश्न. पुण्या-मुंबईत ब्युरोकडून बारा तासांची मावशी मिळते, पंढरपुरातल्या बहुतेक घरांना ती परवडणारी नाही. पण आळीपाळीनं काम करण्याची रीत या गावाला कुणी शिकवायची गरज नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. ती कुणा एकाच्या गळ्यात सात दिवस नसते. भिंतीवर पहाऱ्याची यादी लागते: अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत, पुढं नाव. वेळ झाली की पुढचा येतो, नमस्कार करतो, वीणा घेतो, आधीचा घरी जाऊन झोपतो. त्याची भक्ती कमी पडली असं कुणी म्हणत नाही. मग सासूची वीणा सुनेच्या गळ्यात दहा-दहा वर्षं का?

फड, मठ, दिंडी, भजनी मंडळ यांतली कुठलीही संस्था आपल्याच पाच-सहा घरांपुरती अशी यादी करू शकते. आशाताईच्या तक्त्यातून घरं कळतील, बारावी झालेल्या दोन मुलींना सोलापूरच्या डॉक्टरांकडून शिकवून घेता येईल. अडचण लाजेची येईल, घरातलं बाहेर काढायला कुणी तयार होणार नाही. त्यासाठी कीर्तनकारानं एकदा तरी उभ्या सप्ताहात हा रोग आहे, कुणाचं पाप नव्हे, असं मोठ्यानं सांगायला हवं. दुसरी अडचण वेळेची. डिमेन्शियाच्या माणसाला पुष्कळदा दिवस मावळताना सगळ्यांत जास्त अस्वस्थ वाटतं, घर सोडून निघावंसं वाटतं ते बहुधा याच वेळी. नेमकी तीच वेळ हरिपाठाची, पुरुष देवळात. आणि तीच स्वयंपाकाची, बाई चुलीशी. तेव्हा पहाऱ्याची यादी संध्याकाळी पाच ते सात या वेळेपासून सुरू करावी, आणि त्या दोन तासांपुढं पहिलं नाव घरच्या मुलाचं लिहावं. हरिपाठ त्याला आईच्या खाटेशी बसूनही म्हणता येतो, आणि तिला तो पाठ आहे.